देवळाचं दार

आम्ही काही मोठे वक्ते नाही. आमच्या हातून जे चुकलं आणि मग जे थोडंबहुत सुधारलं, तेवढंच सांगणार आहोत.

आम्ही नाशिकच्या द्वारकेचे. कृष्णाची द्वारका नव्हे हो! मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथे भेटतात, तो चौक. तुमच्यापैकी ज्यांचा कांदा नाहीतर द्राक्षं त्या वाटेने गेली असतील, त्यांना ठाऊक आहे. वर पूल, खाली गाड्या, कानठळ्या बसतात. त्या गर्दीच्या मागे एका गल्लीत आमचं लहानसं देऊळ आहे. आम्ही ख्रिस्ती. तुम्ही त्याला चर्च म्हणाल. आमचे आजी-आजोबा देऊळच म्हणत, आम्हीही तसंच म्हणतो.

आमच्या देवळात शंभर माणसांचे बाक आहेत. काही वर्षांमागे एका रविवारी आम्ही डोकी मोजली. अकरा भरली. त्यातली चार पाळकांच्या घरची. पाळक म्हणजे आमचे उपदेशक. तरुण पोरं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कुणी पुण्याला. म्हातारी माणसं गुडघ्यांनी बसलेली. पेटी वाजवणारा मुलगाही येईनासा झाला.

आम्ही पंच बसलो. काय झालं असेल? एक म्हणाला, लोक देवाला विसरले. दुसरा म्हणाला, मोबाईलने वाटोळं केलं. तिसरा म्हणाला, देवळाला रंग नाही म्हणून कुणी येत नाही. ते सगळ्यांना पटलं, कारण रंग देणं सोपं होतं. वर्गणी काढली, पांढरा रंग दिला, दारं तेलपाण्याने चकचकीत केली. पुढच्या रविवारी नऊ माणसं आली!

त्याच महिन्यात अवकाळी पाऊस झाला. आमच्या भिंतीला लागून एक मावशी पेरू विकायला बसते. कितीतरी वर्षं तिथेच बसते. ती टोपली डोक्यावर घेऊन भिजत उभी होती. आम्ही फाटकातून हाक मारली, "मावशी, आत या की!" ती दचकली. म्हणाली, "आत आलेलं चालतं व्हय? सदा कुलूप असतं. आम्हांला वाटलं, सायबाचं हाय."

मंडळी, साहेब कुठला! आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातले, दुष्काळात पोट घेऊन नाशिकला आलेले. पण त्या बाईचं खोटं नव्हतं. फाटकाला आठवडाभर कुलूप असे. रविवारी दीड तास उघडे, की पुन्हा बंद. आमची गाणी इंग्रजी चालीवरची. रस्त्यावरच्या माणसाने आम्हांला ओळखावं तरी कशावरून?

आमच्यात एक आजी होत्या, चांगल्या वाचणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अरे, आपल्या नाशिकची गोष्ट तरी आठवा."

ती गोष्ट शरणपूरची. आज शरणपूर रोड म्हणजे भर शहर. १८५४ साली विल्यम साल्टर प्राइस या इंग्रज मिशनऱ्याने ती वस्ती नाशिकबाहेर वसवली. शरणपूर म्हणजे आसऱ्याचं गाव. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांना घरच्यांनी टाकलं ते तिथे राहिले. अनाथ मुलं राहिली. आणि ऐकून नवल वाटेल, आफ्रिकेतली मुलंही राहिली! त्या काळी आफ्रिकेतून माणसं धरून गुलाम म्हणून विकायला नेत. इंग्रजांच्या आरमाराने अशी जहाजं पकडली. सुटलेली काही मुलं मुंबईहून शरणपूरला आली. तिथे ती अक्षरं शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली.

त्यातला एक जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन नावाचा एक मोठा प्रवासी १८७३ साली आफ्रिकेच्या रानात वारला. जवळच्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते या जेकबने. मग त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ते प्रेत कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. जेकब प्रेताबरोबर लंडनला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये दफनाला हजर होता. नाशिकला शिकलेली अक्षरं कुठवर गेली पाहा! पुढे १८७५ च्या सुमारास शरणपूरचे बरेच आफ्रिकी लोक मोंबासाजवळच्या नव्या वस्तीत गेले.

शरणपूरचं सगळंच गोड होतं असं आम्ही म्हणणार नाही. वेगळी वस्ती झाली की माणूस वेगळाच राहायला शिकतो. ती खोड आमच्यात अजून आहे. पण तेव्हा ते दार ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी होतं. आमचं दार कुणासाठी होतं? पंचांना विचारलं, तर उत्तर येईना.

आजींनी दुसरं नाव घेतलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. हे मोठे कवी. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पाहिलं, की आपले लोक देवाचं गाणं परक्या चालीत गातात. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांनी शेकडो भजनं, अभंग रचले. कीर्तन केलं, टाळ-मृदंग घेतला. नगरचे कृ. र. सांगळे यांनी त्यांच्या आधी ही वाट धरली होती. टिळकांनी ती रुंद केली. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात यावा, अशी त्यांची इच्छा. १९१९ साली ते वारले आणि दरबार फार चालला नाही. भजनं मात्र राहिली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पुढे पतीकडून शिकल्या. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना फार दुःख झालं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. सोवळंओवळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते त्यांनी स्वतः विचार करून सोडलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक तुम्ही जरूर वाचा. जड शब्द नाहीत, बोलल्यासारखं लिहिलंय. हसूही येतं. १९३६ साली त्या नाशिकातच वारल्या.

हे ऐकून आम्ही दोन कामं धरली. पहिलं सोपं होतं. फाटक दिवसा उघडं ठेवलं. पाण्याचा माठ आत झाडाखाली मांडला. महिन्यातून एका शनिवारी बाक बाजूला सारून सतरंजी घातली आणि टाळ-मृदंगावर टिळकांची भजनं सुरू केली. एक काका रुसले. म्हणाले, "देवळाचा तमाशा करता काय!" दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात मागे येऊन बसले. मृदंगवाला ठेका चुकला तेव्हा त्यांनीच टाळ हातात घेतला.

दुसरं काम अवघड होतं. जी माणसं येईनाशी झाली, त्यांच्या घरी जायचं. उपदेश करायचा नाही, 'का येत नाही' असंही विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं.

एका घरी गेलो. घरधन्याने चहा दिला. मग म्हणाला, "आमचे वडील तीन आठवडे दवाखान्यात होते. तुमच्यातलं कोण आलं? ते गेले तेव्हा वर्गणी थकली म्हणून तुम्ही कबरस्तानाची चिठ्ठी अडवलीत. सकाळपासून दुपारपर्यंत मयत अंगणात होतं."

आम्ही खाली पाहिलं. चिठ्ठी अडवणाऱ्यांत आम्हीच होतो. नियम होता, आम्ही नियम पाळला होता! आम्ही हात जोडून क्षमा मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आलात, बरं केलंत. पण मी यायचा नाही."

तो अजून आलेला नाही. त्याची मुलगी शनिवारी भजनाला येते. थकलेल्या वर्गणीसाठी मयत अडवायचं नाही, असं आम्ही पंचांच्या वहीत लिहून त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. हे त्याला कळवायला पुन्हा गेलो होतो. त्याने ऐकून घेतलं.

आता रविवारी तीस-पस्तीस माणसं असतात. बाक अजून रिकामेच दिसतात, खोटं का सांगा. पण आजारी माणसाकडे कोण जाणार याची पाळी ठरलेली आहे. तो माणूस ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारत नाही. पेरूवाली मावशी दुपारी टोपली घेऊन झाडाखाली बसते. ती तिच्या देवाची, आम्ही आमच्या. माठ रिकामा दिसला की ती आम्हांलाच रागावते.

आमच्यात हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते देवळात आणायचं. बाजरी, कांदे, कोंबडी, काहीही. मग त्याचा लिलाव होतो आणि पैसे देवळाच्या कामाला जातात. गंमत अशी, की घेणारा वस्तू परत देतो आणि पुन्हा लिलाव होतो. मागच्या वेळी एकच भोपळा तीनदा विकला गेला! शेवटी तो मावशीने घेतला आणि घरी नेला, परत काही दिला नाही.

यंदा तुम्हीही या. द्वारकेला उतरा, पुण्याच्या रस्त्याच्या तोंडाशी पेरूवाली कुठे बसते ते विचारा. ती आत आणून सोडेल.