औष्णिक वीजकेंद्रातील संपीडित हवेचा हिशेब



औष्णिक वीजकेंद्र म्हटले की बाष्पित्र, टर्बाइन आणि कोळशाच्या राशी डोळ्यांसमोर येतात. हवेचा विचार सहसा होत नाही. वातावरणातील हवा फुकट असते हे खरे, परंतु कॉम्प्रेसरने सुमारे 7 बार दाबापर्यंत नेलेली हवा महाग पडते. कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो.

झडपा व नियंत्रक उपकरणे चालवण्यासाठी कोरडी, तेलविरहित हवा लागते. तिचा दाब घसरल्यास चालू संच बंद पडू शकतो. साफसफाईला साधी हवा चालते. भारतात मात्र राख वाहून नेण्याचे कामही मोठे आहे, कारण देशी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा 30 ते 45 टक्के असते. 1999 च्या अधिसूचनेने राखेच्या वापराचे बंधन घातले. सिमेंट उद्योगाला ती कोरडी हवी असते, आणि धूलिसंग्राहकाखालील नरसाळ्यांतून साठवण-टाक्यांपर्यंत तिला नळांतून ढकलत नेते ती हीच हवा.

खरा प्रश्न गळतीचा. 7 बार दाबावर 3 मिलिमीटरच्या एका छिद्रापायी सुमारे 3 किलोवॉट वीज वाया जाते; वर्षभरात हे नुकसान 26 हजार युनिटांवर जाते. दाब घसरला की गळती शोधण्याऐवजी आणखी एक कॉम्प्रेसर सुरू करणे सोपे वाटते, आणि तो खर्च केंद्राच्या स्वतःच्या वीजवापरात मुकाट्याने मिसळून जातो. वास्तविक चाचणी अवघड नाही. संच दुरुस्तीसाठी थांबलेला असताना, हवेचा सर्व वापर बंद करून, कॉम्प्रेसर किती वेळ भार घेतो एवढेच नोंदवायचे असते.