वाळवंटात घड्याळ पाहावं

मुलगा अमेरिकेत फिनिक्सला असतो. यंदा नातवंडांच्या सुट्टीत मोटारीनं ग्रँड कॅन्यन आणि पुढे पेजला जायचं ठरलं. सगळे मैल मोजू लागले. मी म्हटलं, आधी घड्याळ पाहू या.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७००० फुटांवर, म्हणून हवा सुसह्य. पण दरीत उतरावं तसा उकाडा वाढतो. उन्हाळ्यात दहा ते चार तिथली चढउतार टाळा, अशी राष्ट्रीय उद्यानाची सूचनाच आहे. तेव्हा चालायचं ते पहाटे. गाडीत माणशी रोजचं चार लिटर पाणी.

खरी धास्ती पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये तिथंही मान्सून असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत, काही मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा घुसला. ११ पर्यटक गेले. आपल्या घाटातल्या ओढ्यांसारखंच हे; पाऊस वर पडतो, पाणी खाली येतं.

आता तिथं वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तो ‘आज नको’ म्हणाला, तर हुज्जत घालायची नाही, हे नातवंडांनाही सांगून ठेवलंय. त्यासाठीच पेजला एक दिवस मोकळा ठेवलाय. तिकिटाचे पैसे गेले, तर जाऊ देत.