ताप आला, वास गेला

कामठीत पावसाळ्यात दवाखान्यात येणारा ताप डेंग्यूचा, फ्लूचा की कोरोनाचा? ११ मार्च २०२० ला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा डॉक्टर आधी परदेशप्रवास विचारत. १३ जूनला केंद्राने वास-चव जाणं लक्षणांत घेतलं. नाक चोंदलेलं नसताना फोडणीचा वास येईना, तर तपासणी कराच. कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकारात मात्र घसादुखीच जास्त. वास शाबूत म्हणून निर्धास्त राहू नका. खरा दगा ऑक्सिजन देतो: माणूस नीट बोलतो, आकडा उतरलेला. सहा मिनिटं चालवून ऑक्सिमीटर लावा. ९४ च्या खाली आला, तर नागपूरचं मेयो किंवा मेडिकल रुग्णालय गाठा. बसल्याजागी धाप लागत असेल, तर चालवूही नका, थेट न्या.