मिथेनॉलचे विष

मिथेनॉल दिसायला आणि वासाला नेहमीच्या दारूतल्या इथेनॉलसारखेच. पिणाऱ्याला भेद कळत नाही. गंमत अशी, की त्याचे जहाल विष करते ते आपलेच यकृत. तिथली विकरे त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल बनवतात. हे आम्ल रक्तात साचते, श्वास जलद होतो, डोळ्याच्या नसेला इजा होते आणि नजरेपुढे धुके दाटते. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी उमटतात. तोवर सारे साध्या नशेवारी जाते. उताराही विलक्षण: रुग्णालयात मोजून दिलेले इथेनॉल पहिल्या विकराला गुंतवून ठेवते, तेवढ्यात मिथेनॉल न बदलता बाहेर पडते. गंभीर रुग्णाला डायलिसिस लागते. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशाच मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराच्या आसपास माणसे दगावली.