पाणी मुरतंय कुठे?

सिडकोतलं आमचं घर जुनं. पावसाळ्यात आजीच्या खोलीत पंख्याच्या हुकातून पाणी टपकायचं. पप्पांनी दोनदा बरोब्बर त्याच्याच वर सिमेंट फासलं. पैसे गेले, गळती तशीच!

मग मे महिन्यात मी गच्चीवर मातीचे बांध घालून चार भाग केले. रोज एका भागात दोन इंच पाणी. (नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या शहरात हे करायचं, म्हणजे आईच्या शिव्या आल्याच.) त्या खोलीची लाइट आधीच बंद केली. तीन भाग कोरडे निघाले. चौथा भरला, पार टोकाचा, पन्हाळीजवळचा, आणि संध्याकाळी हुक ओला! स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून पाणी तिथवर यायचं. पन्हाळीभोवतीचं सुटलेलं प्लास्टर खरवडून, धुऊन, वॉटरप्रूफिंग घातलेलं सिमेंट भरलं. ते पक्कं झाल्यावर परत पाणी साठवून बघितलं. कोरडं.

पहिला पाऊस झाला. आजी अजून पंख्याखाली पातेलं ठेवतेच.