न येणाऱ्या थंडीची तयारी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे की आठवणींचा कार्यक्रम दुपारी आहे, सकाळी प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझं काम डिझेल इंजिनं आणि जनरेटर यांची देखभाल. गेली बावीस वर्षं मी अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरात ते करतो आहे. म्हणून आज विषय घेतला आहे, उष्ण प्रदेशात अचानक कडाक्याची थंडी पडली तर इंजिनं कशी सांभाळायची.

हसू नका. निफाड तालुक्यात थंडीवर भाषण म्हणजे कोकणात जाऊन पावसावर बोलण्यासारखं आहे, हे मला कळतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की सगळ्या महाराष्ट्रात बातमी होते. आपल्याकडे मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. पण या थंडीची आपल्याला सवय आहे. मी सांगतोय ती सवय नसलेल्या थंडीची गोष्ट.

ह्यूस्टन समुद्राजवळ आहे. दमट हवा, घामाच्या धारा, उन्हाळ्यात थेट मुंबईची आठवण व्हावी असं. तिथल्या लोकांना भीती चक्रीवादळांची. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, त्यामुळे घरोघरी जनरेटर असतात. तयारीत ही माणसं मुळीच कमी नाहीत. पण ती सगळी तयारी उन्हाळ्यातल्या संकटाची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तरेकडून हिमलाट आली. टेक्ससच्या सर्व २५४ काउंट्यांना, म्हणजे आपल्या भाषेत सगळ्या जिल्ह्यांना, एकाच वेळी हिमवादळाचा इशारा होता. १६ तारखेला ह्यूस्टनमध्ये पारा उणे दहाच्या खाली गेला, डॅलसमध्ये उणे एकोणीसच्या आसपास. वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडली. सुमारे २०,००० मेगावॉटचं भारनियमन करावं लागलं आणि ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली. राज्याची सगळी वीजयंत्रणा पूर्ण कोसळायला पाच मिनिटंसुद्धा उरली नव्हती, असं नंतर उघड झालं. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं गेली.

एक उदाहरण मी नेहमी सांगतो. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला एक अणुवीजकेंद्र आहे. तिथली एक अणुभट्टी १५ तारखेला पहाटे बंद पडली. भट्टीला काहीही झालं नव्हतं. पाण्याचा दाब मोजणाऱ्या एका बारीक नळीतलं पाणी गोठलं, त्यामुळे पाणी पुरवणारे पंप थांबले आणि भट्टी आपोआप बंद झाली. थंडी मोठ्या यंत्राशी झुंजत बसत नाही. जिथे थोडंसं पाणी स्थिर उभं आहे, ती जागा ती शोधून काढते.

याचं कारण आपल्याला शाळेतच शिकवलं आहे. पाण्याचं असंगत आचरण! होपच्या उपकरणाची आकृती आठवते का? मधोमध गोठण मिश्रण, वर एक तापमापी, खाली एक. परीक्षेत तीन-चार मार्कांना हमखास. चार अंशांखाली पाणी आकुंचन पावायचं सोडून प्रसरण पावू लागतं, आणि बर्फ होताना त्याचं आकारमान जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा. त्यातल्या पाण्याच्या वाटा बंदिस्त. बर्फाला जागा हवी असते, ती तो लोखंड फोडून घेतो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचं असतात, ती कधीकधी बाहेर ढकलली जातात आणि ब्लॉक वाचतो. पण त्यावर विसंबू नये.

आता तयारी. पहिली गोष्ट कूलंट. उष्ण प्रदेशात रेडिएटरची पातळी कमी दिसली की आपण नळाचं पाणी ओततो. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, आणि कूलंट मात्र पातळ होत जातं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असंही नाही. नुसतं ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं, आणि ते डोळ्यांनी कळत नाही. दोन थेंब टाकून पाहायचं एक छोटं उपकरण मिळतं, ते वापरायचं.

दुसरी गोष्ट बॅटरी. उणे अठराला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला जड करतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सहसा गोठत नाही, उतरलेली मात्र उणे सात-आठलाही गोठू शकते. ऑइलच्या डब्यावर आकड्यापुढे जे 'डब्ल्यू' लिहिलेलं असतं, ते हिवाळ्याचं अक्षर आहे. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत लवकर वाहतं.

तिसरी डिझेल. डिझेलमध्ये मेण असतं. गार पडलं की त्याचे कण होतात आणि फिल्टर तुंबतो. उष्ण प्रदेशातलं डिझेल त्या थंडीसाठी बनवलेलंच नसतं. त्यात मिसळायचं औषध मिळतं, पण ते मेण धरण्याआधी घालावं लागतं, नंतर त्याचा उपयोग नाही.

चौथी, जे इंजिन किंवा पंप वापरात नाही, त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि तोटी उघडी ठेवायची. आमच्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थांची मासेमारीची होडी होती. तिचं इंजिन तळ्याच्या पाण्याने थंड होणारं. होडी अंगणात उभी होती, तळाशी लिटर-दोन लिटर पाणी राहिलं होतं. बर्फ वितळल्यावर ब्लॉकला बोटभर चीर दिसली.

आणि गोठलंच तर? चालू करायचं नाही. उकळतं पाणी ओतायचं नाही, त्याने लोखंड तडकतं. आपोआप वितळू द्यायचं, मग खाली गळती पाहायची. ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे.

हे सगळं लोखंडाचं झालं. लोखंड बदलता येतं.

त्या आठवड्यात खरं नुकसान झालं ते सुरू झालेल्या इंजिनांमुळे. वादळात लोक जनरेटर अंगणात ठेवतात, उकाडा असतो म्हणून खिडक्या उघड्या असतात. हिमलाटेत उलटं झालं. सगळी दारं-खिडक्या बंद, आणि जनरेटर थंडीने बंद पडू नये म्हणून गॅरेजमध्ये ओढलेला. काहींनी ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून आत बसणं पसंत केलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि थंडीने थकलेल्या माणसाला झोप यावी यात काही वावगं वाटत नाही. त्या रात्री मी फोनवर इंजिन कसं सुरू करायचं हे जितक्या लोकांना सांगितलं, त्याहून अधिक लोकांना ते बाहेर न्या, घरापासून वीस फूट लांब ठेवा, हे सांगत होतो. काही घरांत हे सांगणारं कोणी नव्हतं.

मला एवढंच म्हणायचं आहे. ती माणसं बेसावध नव्हती. ती दुसऱ्या संकटासाठी तयार होती आणि त्या तयारीच्याच सवयीने वागली. टेक्ससमध्ये २०११ मध्येही अशीच थंडी पडली होती, वीजकेंद्रं बंद पडली होती, चौकशी होऊन शिफारशीही झाल्या होत्या. पण मधल्या दहा वर्षांत ऊनच पडत राहिलं, आणि ऊन पडत असताना थंडीवर खर्च करायला कोणाचा हात धजत नाही.

आपल्या घरी, निफाडला, इंजिन गोठणार नाही. पण आपली मुलं हिवाळ्यात पुण्याहून गाडी काढून मनाली, स्पिती, लडाखला जातात. रेडिएटरमध्ये इथलंच पाणी असतं, टाकीत इथलंच डिझेल. रात्री हॉटेलच्या आवारात उभी केलेली गाडी सकाळी काय सांगेल, ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि गाडीत हीटर लावून, काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका, हे त्यांना आजच सांगा. इतर सगळं विसरलात तरी चालेल.

उपकरण मी बरोबर आणलं आहे. जेवणानंतर मैदानात ज्यांना आपल्या गाडीचं कूलंट तपासून हवं असेल, त्यांनी यावं. रेडिएटरचं झाकण मात्र तोवर कोणी उघडू नका, इंजिन गार झाल्यावर मीच उघडीन.