यादीत नसलेला पुरुष

आपल्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने जोखमीच्या माणसांचे गट पाडले आहेत: देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, हिजडा व तृतीयपंथी, शिवाय ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर. या गटवारीने पुष्कळ काम साधले. पण तृतीयपंथी स्त्रीचा जोडीदार यात कुठे बसतो? ती स्वतःला बाई मानते आणि तोही तिला बाईच मानतो. मग समलिंगी पुरुषांसाठीच्या केंद्राची पायरी तो कशाला चढेल? तिच्या समाजाच्या बोलीत त्याला ‘पंथी’ हे नाव आहे, सरकारी वहीत मात्र त्याचा रकाना नाही. २०२१ च्या सरकारी आकड्यांनुसार देशातील प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के, तर हिजडा व तृतीयपंथीयांत ३.७८ टक्के होते. हा आकडा ऐकला की बोट तिच्याकडेच वळते. तिलाही लागण कुणापासून तरी झाली असणार, हे सोयीने विसरले जाते.

असे पुरुष शोधायचे कसे, असे कुणी विचारील. ट्रकचालकांच्या मनात शिरून आपण त्यांना शोधले नव्हते. ते थांबतात तिथे जाऊन गाठले. इथे पहिली वाट त्या तृतीयपंथी स्त्रीमार्फत, अर्थात तिच्या संमतीने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेगळा गट केला, तर घरी बायकोमुले असलेला माणूस उघडा पडेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली खरी, पण तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर कायदा बसलेला नसतो, शेजारी बसलेले असतात. म्हणून नवा फलक नकोच. मग येतो एकनिष्ठेचा सल्ला. पण ती देहविक्रय करत असेल, तर गिऱ्हाइकाशी आग्रहाने वापरलेला निरोध घरच्या माणसाशी विश्वासापोटी सुटतो, आणि चाचणी न झालेल्या दोघांची निष्ठा विषाणूला अडवत नाही. औषधोपचार अडवतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती. बाधित जोडीदाराचा विषाणू औषधांनी दबलेला असताना, निरोध न वापरताही, त्याच्यापासून दुसऱ्याला एकदाही लागण झाली नाही. तिथे दोघांचीही चाचणी झालेली होती. आपल्याकडे तिला तपासणीला बोलावणारे कार्यकर्ते आहेत, त्याला बोलावणारे सहसा कुणी नाही. तेव्हा सरकारी रुग्णालयातल्या नेहमीच्या मोफत चाचणी केंद्रातच, येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, ‘तुम्ही कोण?’ असे न विचारता समुपदेशकाने दार लावून एवढेच विचारावे: ‘जोडीदार कोण कोण? बाई, पुरुष, तृतीयपंथी?’ आणि उत्तर ऐकताना भुवई उंचावू नये.